तेवीस नंबरचा वाडगा

शिआन हे नाव मी शाळेत जायच्या आधी ऐकलं, आणि तेही चुलीपुढं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गावातल्याच शाळेत मास्तर होते. माय भाकरी थापायला बसली की ते तिच्या समोर पाट घेऊन बसायचे आणि काठवटीच्या कडेला सांडलेल्या ज्वारीच्या पिठावर बोटानं एक चौकोन काढायचे. चौकोनाला चार बाजूंनी चार खाचा. "हे बघ, ही शिआनची तटबंदी. ह्या चार वेशी. ह्या मावळतीच्या वेशीतून तो भिक्खू निघाला, अन् चालत चालत वाळवंट, बर्फाचे डोंगर पार करून आपल्या अजिंठ्यापर्यंत आल्ता." पुढं मला कळलं की तो भिक्खू अजिंठ्याला खरोखर आला की नुसतं ऐकून त्यानं लिहिलं, यावर विद्वानांचा वाद आहे. दादांच्या वर्गात असला वाद नव्हता. तिथं तो आला होता, लेण्या बघून गेला होता आणि जाताना वीस घोड्यांवर पोथ्या लादून आपल्या गावी परतला होता, अन् त्या ठेवायला त्यानं तिथं एक मनोरा बांधून घेतला होता. मायला मात्र या प्रवासाचं काही सोयरसुतक नसायचं. "पिठात गावं नका वसवू," ती म्हणायची, "भाकर मोडून राह्यली माझी." आणि हाताच्या एका फटक्यात सगळं शिआन गोळा करून पुढच्या उंड्यात मळून टाकायची.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, शहागडच्या रस्त्यापासून आत. वारा तिकडचा असला की ट्रक गिअर बदलताना कण्हतात तो आवाज थेट आमच्या अंगणात यायचा. त्या आवाजात भाकरी थापल्याचा आवाज, आज्याचा खोकला आणि दादांचं अखंड बोलणं, एवढं मिसळलं की आमचं घर झालं. घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली शाळेतून बाद झालेला जगाचा नकाशा, ज्यात चीन घडीवर फाटलेला होता आणि मायनं तो खळीनं चिकटवला होता. आज्याचे, म्हणजे दादांच्या वडलांचे, दात मी कळती व्हायच्या आधीच गेलेले. त्याची भाकर चुरायचं काम माझं. गरम भाकरीचा पापुद्रा आधी वेगळा करायचा, मग आतला भाग बोटांच्या शेंड्यांनी मोडत मोडत तुरीच्या डाळीएवढा बारीक करायचा, मग पापुद्रा कुस्करून वर टाकायचा. त्यावर माय येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, आमटी ओतायची. गोळा राहिला तर आजा न बोलता तो ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि एकही निघाला नाही तर म्हणायचा, "पोरीच्या हाताला अक्कल हाय." शाळेतल्या कोणत्याही बक्षिसापेक्षा मला ते वाक्य मोठं वाटायचं.

याच अकलेनं मला एकदा तोंडावर पाडलं. सुनंदा माझी वर्गमैत्रीण. तिचं घर गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी एक. आमच्या वस्तीतल्या लोकांनी त्या घराच्या ओसरीपर्यंत जायचं, पुढं नाही, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. पण पायांना ठाऊक होतं. नऊ-दहा वर्षांची असेन. त्यांच्या अंगणात सागरगोटे खेळताना मी बघितलं की ओसरीवर तिचे आजोबा, आबा, ताट घेऊन बसलेत, हात थरथरतोय आणि दुधात टाकलेली भाकर काही केल्या मोडत नाही. माझ्या घरचं काम मी त्यांच्या घरी केलं, दुसरं काय? जाऊन बसले आणि चुरायला लागले. आबा खूश. एवढ्यात काकू, सुनंदाची आई, दुधाचं भांडं घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. त्या रागावल्या नाहीत. "राहू दे बाई, तू खेळ," एवढंच म्हणाल्या. ताट उचललं, लिंबाखाली बांधलेल्या कुत्र्यापुढं नेऊन ओतलं आणि आबांना दुसरं ताट आणलं. कुत्र्यानं दोन मिनिटांत सगळं चाटून पुसून खाल्लं. मला आठवतं, त्यालाही एक गोळा सापडला नाही.

काकूंना मी वाईट म्हणणार नाही. पुढं त्याच काकूंनी माझ्या घरी बसून चहा घेतला, माझ्या लेकीला झबलं दिलं, आणि ते सगळं मनापासून होतं. माणसं बदलतात, निदान थोडी सरकतात. पण त्या दिवशी मी घरी आले, रांजणाजवळ बसून हात धुतले आणि कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर माझे हातच शहाणे झाले. कुणाच्या घरी गेले की मी कशाला हात लावायची नाही. चहा दिला तर कप विसळून पालथा घालायची. कॉलेजला औरंगाबादला वसतिगृहात राहिले, तिथं मैत्रिणी एकमेकींच्या डब्यांत हात घालायच्या. मी माझा डबा घेऊन खिडकीत बसायची. त्यांना वाटायचं, पुस्तकी किडा आहे.

दादांनी पेपरात ती जाहिरात बघितली तेव्हा मी पाली घेऊन बी.ए. झाले होते. चीनमध्ये जाऊन दोन वर्षं चिनी भाषा शिकायची, सरकारी शिष्यवृत्ती. अर्जात 'कोणत्या शहरात' असा एक रकाना होता. मी विचार करत होते, तोवर दादांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्यांच्या वळणदार अक्षरात 'शिआन' लिहून मोकळे झाले. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी ते अंबडहून एसटीनं न येता चालत आले. का, तर म्हणे तो भिक्खूही चालतच गेला होता. गावात मात्र चौकातल्या हॉटेलावर वेगळंच चाललं होतं. एक जण म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या जातीला एवढं दूर? संक्रांतीच्या आत परत येते का न्हाई बघा." दादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येईल ना. पण चिनी बोलत येईल." ही पैज माझ्या डोक्यावर लावून ते घरी आले. मायनं ज्वारीचं पीठ, येसर आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दादांनी दिली एक दोनशे पानी वही, तिच्यात त्यांचे प्रश्न. पहिला प्रश्न : मनोऱ्यात पोथ्या अजून आहेत काय? दुसरा : तटावरून बैलगाडी जाऊ शकेल काय, मोजून कळवणे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी म्हणेन, शिआन हा डोंगर जवळूनही साजरा निघाला. स्टेशनातून बाहेर पडले आणि समोर तीच पिठावरची तटबंदी उभी, करड्या विटांची, खंदकासकट. मला हसूच आलं. मायच्या हाताच्या फटक्यातून वाचलं म्हणायचं! शहागडच्या गढीचे दगड आमच्याकडं गोठ्याच्या पायऱ्यांना आणि धुण्याच्या दगडांना लागले. इथं अख्ख्या शहराला तट होता आणि त्याच्या कमानींतून बस, सायकली, कोळशाच्या हातगाड्या अशा जात होत्या की जणू तट कालच या रहदारीसाठी बांधला. पहिल्या रविवारी मी वर चढून रुंदी पावलांनी मोजली आणि दादांना कळवलं : दोन एसट्या शेजारी शेजारी जातील आणि वर तुमच्या बैलगाडीला जागा उरेल. सकाळी तटाच्या पायथ्याशी रिटायर झालेली माणसं जमायची. कुणी पिंजऱ्यातला पक्षी फांदीला टांगायचा, कुणी दोन तारांचं वाद्य काढायचा आणि एखादी आजी कमरेवर हात ठेवून जुन्या नाटकातलं पद असं खड्या आवाजात म्हणायची की खंदकापलीकडचा बसवाला हॉर्न वाजवायचा थांबावा. एक म्हातारा केरसुणीएवढा कुंचला बादलीतल्या पाण्यात बुडवून फरशीवर कविता लिहायचा. शेवटची ओळ होईस्तोवर पहिली वाळलेली असायची. मी विचारलं, मग लिहिता कशाला? तो म्हणाला, "उद्या जागा लागते ना."

मला त्या शहराचं हेच आवडलं. जुनं तिथं काचेच्या कपाटात गप्प बसलेलं नव्हतं, ते बाजाराला जात होतं. घंटेच्या मनोऱ्याभोवती गाड्यांचा वेढा, रात्री त्यावर दिव्यांच्या माळा, आणि त्याच्या सावलीत टेपरेकॉर्डरची दुकानं. मशीद बघायला गेले तर मिनार कुठे दिसेना. वळणदार कौलांची, लाकडी खांबांची, अंगणामागून अंगणं असलेली ती मशीद मला आधी विहारच वाटली. शहराबाहेर जमिनीखालचं ते मातीचं सैन्य, प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा. दुष्काळात शेतकरी विहीर खोदत होते तेव्हा ते सापडलं. हे मी दादांना लिहिलं तर त्यांचं उलट टपाली उत्तर : "आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं नाही तर माणूस कपाळाला हात लावतो. त्यांना फौज लागली. नशीब बघ." आता तर ते शहर मला ओळखू येणार नाही. परवा जालन्याच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर शिआनचाच निघाला. दुभाषी म्हणून मी होते. त्यानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दाखवलं : तटाखालून मेट्रो जाते, आणि जुन्या राजवटीचे रेशमी कपडे भाड्यानं घालून पोरी तटावर सेल्फी काढतात. मेट्रो खोदताना पावलोपावली थडगी लागायची, म्हणाला. लागलं की काम थांबायचं, ब्रश घेऊन माणसं उतरायची, त्यांचं झालं की पुन्हा मशीन सुरू. मला त्या म्हाताऱ्याचा कुंचला आठवला.

पण शहर आवडणं वेगळं आणि शहरात राहणं वेगळं. नव्याचे नऊ दिवस संपले, थंडी पडली, आणि मी एकटी पडले. भाषा जड होती हे खरं, पण भाषेचं मी रडत नव्हते. अडत होतं ते जेवणाच्या टेबलावर. तिथं ताटं वेगळी नसतात. मधोमध चार-पाच भाज्या ठेवायच्या आणि सगळ्यांनी आपापल्या काड्या त्यांत घालायच्या, तोंडात घातलेल्या काड्या पुन्हा भाजीत. वर्गातल्या चिनी मुली मला आग्रहानं बोलवायच्या. मी जायची, पण कुणी सुरुवात करायच्या आधी थोडा भात-भाजी माझ्या वाडग्यात काढून घ्यायची आणि टेबलाच्या टोकाला सरकून बसायची. मधल्या भाजीत मी कधी काड्या घातल्या नाहीत. खाऊन झालं की माझा वाडगा मीच धुवायची, दुसरी कुणी उचलायच्या आत. मला वाटायचं, मी किती जपून वागतेय. हळूहळू मुली बोलवायच्या बंद झाल्या. एक दिवस आमच्या शिक्षिका ल्यू बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलींना वाईट वाटतं. भारतातली मुलगी आमच्या ताटाला शिवत नाही म्हणतात. तुझ्या धर्मात आम्ही अशुद्ध आहोत का?"

मी आधी हसले. मग जे रडू आलं ते आवरेना. आयुष्यभर माझा हात लागला म्हणून लोकांचं अन्न बाटेल की काय, या धास्तीनं मी हात आखडला, आणि इथं तोच आखडता हात बघून लोकांना वाटत होतं की मीच सोवळ्याची! हे मी बाईंना कसं सांगणार? आमचं पाठ्यपुस्तक 'रेल्वे स्टेशन कुठे आहे' आणि 'एक किलो सफरचंद द्या' इथपर्यंतच आलं होतं. त्यात विटाळाला शब्द नव्हता. मी एवढंच म्हणाले, "तसं नाही." आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन शिष्यवृत्ती सोडायचा फॉर्म मागितला. 'कारण' या रकान्यात लिहिलं : हवामान मानवत नाही. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. संक्रांत महिन्यावर होती. हॉटेलावरचा तो माणूस जिंकणार होता आणि दादांना रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायचं होतं. हे सगळं मला दिसत होतं, तरी मला घरी जायचं होतं.

रविवारी दुपारी शेवटचं म्हणून बाजारपेठेकडं निघाले. मशिदीजवळच्या गल्लीत मुसलमानांची खाणावळ होती. दाराशीच भट्टी, तिच्यावर मोठी कढई, आणि पांढरी टोपी घातलेला म्हातारा आचारी. आमच्याकडं अंबडच्या बाजारात बांगडीवाल्याला आणि शहागडच्या टपरीवर ड्रायव्हरांना सलाम करायची लहानपणापासूनची सवय. तोंडातून आपोआप गेलं, "सलाम अलैकुम, चाचा." म्हाताऱ्याचा डाव हवेतच थांबला. "वालैकुम सलाम," तो म्हणाला आणि पुढं चिनी भाषेचा धबधबा. त्यातलं मला कळलं ते असं की आडनाव मा, ये, बस, बाहेर थंडी आहे. मी त्यांना चाचाच म्हणत राहिले. त्याचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही.

चाचांनी माझ्यापुढं एक मोठा रिकामा वाडगा ठेवला आणि त्यात दोन जाड, घट्ट, भाजलेल्या गोल भाकरी. आमटी नाही, भाजी नाही. मी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावर एक ट्रक ड्रायव्हर, पलीकडं दोन म्हातारे, सगळे वाडग्यात मान घालून भाकर मोडत होते आणि गप्पा मारत होते. मोडायची घाई कुणालाच नव्हती. म्हटलं, अरे, हे तर मला येतं! किती महिन्यांनी माझ्या बोटांना ओळखीचं काम मिळालं. पापुद्रा वेगळा केला, आतलं मोडलं, मोडलेलं पुन्हा मोडलं, तुरीच्या डाळीएवढं केलं. अर्धा तास मी त्या वाडग्यावर होते आणि त्या अर्ध्या तासात मला फॉर्मची आठवण झाली नाही. मग हात झटकून वाट बघत बसले की आता चाचा येऊन वरून रस्सा ओततील, माय ओतायची तसा.

चाचा आले ते हात पुढं करून. वाडगा दे, म्हणाले. मी वाडगा दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यांनी भट्टीकडं बोट केलं. तेव्हा मला उमजलं की हा वाडगा आत जाणार. माझ्या हातानं चुरलेलं ते कढईत घालणार. मी मान हलवली. "नाही," मी म्हणाले. "हात. माझा हात." चाचांनी माझे हात बघितले. "धुतलेत ना?"

"धुतलेत."

"मग?"

"माझा हात लागला. सगळ्याला."

"तुझाच लागला पाहिजे," चाचा सावकाश, एकेक शब्द तोडून बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसे. "मी मोडलं तर ते माझं जेवण झालं. तुझं कसं होईल?" आणि मला बदलाबदलीची भीती वाटतेय अशी त्यांनी समजूत करून घेतली. एप्रनच्या खिशातून एकाच नंबरचे दोन पितळी बिल्ले काढले. एक माझ्या तळहातावर ठेवला, दुसरा चिमट्यानं वाडग्याच्या काठाला लावला. तेवीस. "हरवत नाही. तुझंच तुला परत मिळेल." एवढं म्हणून वाडगा घेतला आणि सवयीनं त्यात बोटं घातली. चुरा वर उचलला, बोटांतून खाली सोडला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडं बघितलं. "कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. दात नव्हते त्यांना."

चाचांनी वाडगा उंच धरला आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल असं काहीतरी ओरडले. ड्रायव्हर उठून बघायला आला. एका म्हाताऱ्यानं चष्मा लावला. मला कळलं तेवढं असं : परदेशी लोक ढेकळं करून देतात, ती मी परत पाठवतो. ही बघा परदेशी पोरगी, हात बघा तिचा.

मी उठून भट्टीपाशी गेले. आधी ड्रायव्हरचा वाडगा कढईत रिकामा झाला, त्यावर मटणाचा रस्सा, शेवया, मटणाचे काप, चार उकळ्या, आणि सगळं पुन्हा त्याच्याच वाडग्यात. मग माझा. त्याच कढईत. माझ्या हातानं चुरलेली भाकर तिथं रटरटत होती आणि दुकानातल्या एकाही माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं उपसून झालं. मी कढईकडं बघत उभी राहिले. आता घासतील, निदान पाणी फिरवतील. चाचांनी कढई घासली नाही. तशाच रश्श्याच्या कढईत त्यांनी चष्मेवाल्या म्हाताऱ्याचा वाडगा ओतला आणि डाव फिरवायला लागले. म्हातारा माझ्याकडं बघून हसला आणि लवकर खा, गार होईल, अशी खूण केली.

मी जागेवर जाऊन खाल्लं. रडत खाल्लं, हे सांगायला आता कसली लाज. चाचांना वाटलं तिखट झालं. त्यांनी साखरेत मुरवलेल्या लसणाची बशी माझ्यापुढं सरकवली.

सोमवारी फॉर्म दिला नाही. दुपारी मुलींच्या टेबलावर गेले, न बोलावता. मधोमध वांग्याची भाजी होती. माझा वाडगा रिकामा ठेवला आणि काड्या सरळ त्या भाजीत घातल्या. सगळ्यांच्या काड्या थांबल्या. मग एकीनं ती वांग्याची बशी माझ्याकडं सरकवली आणि सगळ्या पुन्हा जेवायला लागल्या.

त्या आठवड्यात दादांना मी पहिलं खरं पत्र लिहिलं. त्यात वाडगा होता, न घासलेली कढई होती, सुनंदाच्या ओसरीवरचं ताट होतं आणि कुत्रंही होतं. शेवटी, महिनाभर लपवून ठेवलेलं, हेही लिहिलं की मनोरा सात मजली उभा आहे, पण त्यात पोथ्या नाहीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दादांनी लिहिलं होतं : "पोथ्या नसल्या तरी हरकत नाही. ठेवायची जागा त्यांनी राखली, हे पुष्कळ झालं. पत्र तुझ्या मायला वाचून दाखवलं. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत देतो : त्या दिवशी पोरगी रांजणापाशी तीनदा हात धुऊन राह्यली होती. मला तवाच कळलं होतं. पण म्या इचारलं न्हाई, मला रडू आलं असतं." खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती : "मलाही कळायला हवं होतं. मी तेव्हा तुम्हाला शिआन सांगत बसलो होतो."

दोन वर्षांनी मी चिनी बोलत परत आले. निघताना चाचांनी तेवीस नंबरचे दोन्ही बिल्ले माझ्या हातात ठेवले होते. आता हा नंबर दुसऱ्या कुणाला देणार नाही, म्हणाले. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मी हुकूम सोडला : ज्यानं त्यानं आपली भाकर आपण चुरायची. मायनं कपाळावर हात मारला, "चीनला जाऊन भाकर चुरायलाच शिकली का गं?" पण चुरली. दादांनी भली मोठी ढेकळं केली. मी ती परत पाठवली. त्यांनी पुन्हा बारीक केली, मी त्यांचा वाडगा घेऊन कढईत येसराच्या आमटीत उकळला आणि त्याच कढईत मग मायचा. दादा चुलीपाशी येऊन उभे राहिले होते. तटाबद्दल, मनोऱ्याबद्दल त्यांनी किती प्रश्न विचारले असतील, पण तेव्हा ते नुसते कढईकडं बघत राहिले. त्या दिवसापासून एक बिल्ला त्यांनी शाळेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातला. शाळा सुटली, किल्ल्या गेल्या, बिल्ला राहिला.

शेवटचे काही महिने ते माझ्याकडं अंबडला होते. माय आधीच गेली होती. दादांचे दात गेले होते, बोलणं कमी झालं होतं, कधी कधी ते मलाही ओळखायचे नाहीत. त्यांची भाकर मी चुरायची, आज्याची चुरायची तशी. ज्या दुपारचं मला सांगायचंय त्या दुपारी मी चुरायला बसले तर त्यांनी वाडगा आपल्याकडं ओढला. थरथरत्या बोटांनी ते स्वतःच मोडायला लागले. अर्धा तास लागला, पाऊण तास लागला, मी थांबले. मग त्यांनी वाडगा माझ्यापुढं केला आणि उशीखाली हात घालून बिल्ला काढला.

"माझंच आण बरं का," ते म्हणाले. "अदलाबदल न्हाई झाली पाहिजे."

मी आत जाऊन आमटीत ते उकळलं, कपाटातून दुसरा बिल्ला शोधून काढला आणि वाडग्याच्या काठाला लावून आणला. दादांनी दोन्ही बिल्ले जवळ जवळ धरले, डोळ्यांपाशी नेले, बराच वेळ नंबर ताडून बघितले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "आपलंच हाय." आणि जेवायला लागले.